आपण दरीत उतरणार

नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला, छाती जरा पुढे काढली आणि जाहीर केलं, "या वर्षी आपण दरीत उतरणार."

स्वारीला जाहीर करायची हौस फार. आजवर स्वारीनं पोहायला शिकण्याचं जाहीर केलं होतं, गिटार वाजवण्याचं केलं होतं, बाल्कनीत टोमॅटो पिकवून भाजीवाल्याचं दुकान बंद पाडण्याचंही केलं होतं. गिटार कपाटावर धूळ खात पडली होती आणि टोमॅटोच्या कुंडीत शेजाऱ्यांचं मांजर झोपत होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्यामुळे अशा घोषणा चालू असताना बायको एरवी ब्रेडला लोणी लावत राहायची. त्या सकाळी मात्र तिची सुरी थांबली, कारण वाक्यात 'आपण' होतं.

"खाली नदीपर्यंत?" तिनं विचारलं.

"थेट नदीपर्यंत. पाण्यात पाय बुडवायचे आणि त्याच दिवशी वर यायचं. आपण काय म्हातारे झालो की काय?"

पुन्हा आपण. तिनं लोणी लावायचं सोडून दिलं.

ती दरी शहरापासून गाडीनं अडीच-तीन तासांवर. तांबड्या खडकाला कुणी सुरीनं चीर द्यावी तशी लांबच लांब गेलेली, आणि तळाशी नदी. लग्न झाल्यावर पहिल्याच सुट्टीत दोघं तिथं गेली होती आणि इतर शंभर माणसांसारखी कठड्याला टेकून उभी राहिली होती. खाली जाणारी पायवाट नागमोडी उतरत होती, तिच्यावरून मुंगीएवढी माणसं चालली होती. "आपणही जाऊ या ना," ती म्हणाली होती. "पुढच्या वेळी," तो म्हणाला होता. पुढच्या वेळी मुलगी पोटात होती, त्याच्या पुढच्या वेळी कडेवर होती, मग शाळा, मग घराचे हप्ते, मग सासूबाईंचं आजारपण. मुलगी लग्न होऊन परगावी गेली तरी ती पुढची वेळ काही आली नाही. बाईमाणसाला असल्या इच्छा बोलून दाखवायची लाज वाटते. साडी मागता येते, मिक्सर मागता येतो, नदीत पाय बुडवायला मागणं म्हणजे लोक म्हणणार, डोकं फिरलंय. म्हणून ती गप्प होती. पण विसरली नव्हती.

आता स्वारीच्या डोक्यात हे खूळ शिरलं कुठून, तेही ऐका. नवरा विमा कंपनीत होता, लोकांचे दावे कुठल्या कलमाखाली नामंजूर करता येतील हे शोधणाऱ्या विभागात. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा साहेब, ज्याला सगळं ऑफिस पाठीमागं 'ढोल्या' म्हणायचं, तो मागच्या वर्षी दरीत उतरून आला आणि त्यानं नदीकाठचा फोटो चौकटीत घालून टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून जो तो ढोल्याच्या टेबलाशी थांबायचा. मुख्य कार्यालयातून आलेल्या बाईही थांबल्या. "तुम्ही? खरंच?" असं त्यांनी ढोल्याला विचारलं, आणि ते नवऱ्याच्या जिव्हारी लागलं. ढोल्या जाऊ शकतो तर आपण का नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की आपला अपमान होतो, असा त्याचा एकंदर हिशेब होता.

घोषणेच्या दुसऱ्या दिवसापासून घरात खोकी यायला लागली. पहिल्यांदा बूट आले, घोट्याच्या वरपर्यंत, चंद्रावर जायलाही चालतील असे. मग घडी होणाऱ्या दोन काठ्या. मग मानेवर फडकं लोंबणारी टोपी. मग पाठीवरची सॅक. तिच्यात पाण्याची पिशवी आणि पिशवीतून निघून थेट तोंडापाशी येणारी नळी, म्हणजे पाणी प्यायला हातही उचलायला नको. शिट्टी आली, डोक्याला बांधायचा दिवा आला, गारठून पडलो तर अंगाभोवती लपेटायची चंदेरी चादर आली, होकायंत्र आलं. दरीत वाट एकच, ती खाली जाते आणि तीच वर येते. चुकायचंच म्हटलं तर खडकात डोकं घालून आत शिरावं लागेल. पण होकायंत्र आलं, आणि स्वारी दिवाणखान्यात उभी राहून उत्तर दिशा स्वयंपाकघराच्या बाजूला आहे असं सांगू लागली.

"यातलं चालतं कोण?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, सामानच चालणार असेल तर आपण घरी बसू."

"तुला नाही कळायचं ते," तो म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य होतं आणि ते कुठंही बसायचं.

तिच्या तयारीला खोकी लागली नाहीत. ती गावातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात होती, तळघरात. वर काचेत पुतळे उभे असायचे. पुतळे सोडले तर तयार कपडा कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही, म्हणून खाली तळघरात ती आणि आणखी दोघी दिवसभर पँटी आखूड करत, कमरा सैल करत, बाह्या उसवून पुन्हा लावत बसायच्या. पुरुषमाणूस कमरेचं माप सांगताना दहा वर्षांपूर्वीचं सांगतो, हे ती तिथंच शिकली. दरीसाठी आणलेल्या पँटची कंबर तिनं नवऱ्याच्या नकळत सैल करून ठेवली होती. ती चढवून स्वारी आरशासमोर म्हणाली, "बघ, व्यायामानं उतरलं की नाही पोट." पी हळद अन् हो गोरी, ते हे.

मागच्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता वाट्टेल तिथं जा, पण चालत राहा. घरात ते वाक्य कुणी ऐकलं नाही. घरात तिचा गुडघा काचेचा झाला तो काचेचाच राहिला, मात्र बाजाराच्या पिशव्या उचलताना तो तेवढ्यापुरता लोखंडाचा व्हायचा.

'आपण दरीत उतरणार' ऐकल्यापासून ती संध्याकाळी काम सुटल्यावर लिफ्टनं वर जायची बंद झाली. दरीचं गाडं उलटं असतं. डोंगर माणूस ताजा असताना चढतो आणि थकल्यावर उतरतो. दरीत ताजा असताना उतरतो, अगदी गाणी म्हणत, आणि चढ समोर उभा राहतो तो पाय भरून आल्यावर. हे कळायला तिला कुणी लागलं नाही. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. सकाळी झपझप तळघरात उतरायचं आणि संध्याकाळी, कंबर मोडल्यावर, वर यायचं. म्हणून तिनं चढायचा सराव ठेवला तोही दिवसभराच्या कामानंतरच. पिशवीत बटणांचा भरलेला डबा आणि दोन जड कात्र्या टाकायच्या आणि नोकरमाणसांच्या जिन्यानं तळघरापासून गच्चीपर्यंत चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं.

"मावशी, लिफ्ट चालू आहे," पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, तू बस."

पहिल्या आठवड्यात गुडघा रात्रभर ठणकला. दुसऱ्या आठवड्यात कुरकुरला. पुढं पुढं गुडघ्यालाच लाज वाटली असावी, तो गप्प झाला. ती गच्चीत पोचायची, टाकीच्या सावलीत उभी राहून श्वास खाली बसू द्यायची आणि मनात नदी बघायची. नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. नदीकाठी पोचल्यावर सांगायचं, असा तिचा बेत होता. तो म्हणेल, अगं, तू तर माझ्या आधी पोचलीस. मग ती सांगणार होती. या वयात नवऱ्यासाठी असला लाडिक बेत आखताना तिला स्वतःचंच हसू यायचं, पण ती तो आखत होती हे खरं.

नवऱ्याचा सराव बागेत चालायचा. बागेत एक टेकाड होतं, माथ्यावर बाक आणि पायथ्याशी कॉफीची गाडी. स्वारी सकाळी बूट घालून, काठ्या आपटत टेकाड चढायची, बाकावर बसून फोनमध्ये बघायची आणि उतरून कॉफी प्यायची. घरी येऊन "आज तीनदा" असं सांगायची. चढ आधी, उतार नंतर, आणि शिवाय कॉफी. दरीशी या सरावाचा संबंध इतकाच होता की बूट तेच होते. बायकोला ते दिसत होतं, आणि एखाद्या दिवशी निवांत बसून त्याला समजावून सांगायचं असं तिनं ठरवलंही होतं.

तो निवांत दिवस आलाच नाही. जायच्या आदल्या रविवारी संध्याकाळी भावोजी आले. भावोजी म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि स्वतःचं असं मत नव्हतं. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. येताना त्यांनी उलटीच्या, जुलाबाच्या, डोकेदुखीच्या आणि ऊन लागल्यावर घ्यायच्या अशा सगळ्या गोळ्या आणल्या होत्या. टेबलावर दरीचा नकाशा पसरला आणि दोघं भाऊ त्यावर लढाईला निघाल्यासारखे ओणवे झाले.

"आम्ही पहाटे इथून निघू," नवरा बायकोला समजावून सांगू लागला. "उजाडता उजाडता आम्ही उतरायला लागू. ऊन चढायच्या आत आम्ही नदीवर. थकलो तर अर्ध्यातून वळू, त्यात काय."

बायको चहा गाळत होती. चहा कपाबाहेर गेला.

"आम्ही म्हणजे कोण कोण?" तिनं विचारलं.

"मी आणि हा."

"आणि मी?"

"तू वर थांब ना. गाडीपाशी छान बाक आहेत, सावली आहे. शिवाय जास्तीचं सामान वरच ठेवायचंय, ते बघायला कुणीतरी हवंच."

"वहिनी, वरून जो नजारा दिसतो ना, तो खालून नाही दिसत," भावोजींनी री ओढली. ते आयुष्यात एकदाही खाली गेले नव्हते.

"मी खाली येणार आहे," ती म्हणाली.

दोघं भाऊ तिच्याकडं बघत राहिले, आणि मग नवरा हसला. वाईट हसला नाही. लहान मुलानं मी पण ऑफिसला येतो म्हटल्यावर हसतात तसा हसला, आणि ते जास्त लागलं.

"अगं, गुडघ्याचं काय? आणि तुला कोण म्हणालं खाली यायचं म्हणून?"

"तुम्ही म्हणालात."

"मी कधी म्हणालो?"

"चहाच्या वेळी. या वर्षी आपण दरीत उतरणार, म्हणालात. दोनदा म्हणालात आपण."

नवऱ्यानं भावाकडं पाहिलं. मग दावा नामंजूर करताना ऑफिसात जो समजूतदार आवाज काढत असेल तो काढला. "अगं, ते आपण म्हणजे तसं आपण नव्हे. ते आपलं... आपण. म्हणजे मी."

आपली भाषा मोठी चोख आहे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर, 'आपण' म्हटलं की तो घरात. एवढी सोय असताना आपल्याकडच्या पुरुषांनी त्यातही खोट काढून ठेवली. अंगात वारं शिरलं की ते एकट्यालाच 'आपण' म्हणतात. आपण कुणाला भीत नाही. आपण एका शब्दाचे. तिथं आपण म्हणजे एकटे ते, फक्त फुगवलेले. आणि ऐकणारी बाई वेडी, तिला वाटतं आपल्याला घरात घेतलं. ती हातातलं काम टाकते आणि जिने चढायला लागते.

बायकोनं सांडलेला चहा पुसला, दोघांपुढं कप ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच संताप आला. दोन महिने जिने चढताना तिनं जो नवरा सोबत धरला होता, तो बाहेर बसलेल्या माणसाशी ओळखसुद्धा सांगत नव्हता.

त्या रात्रीच तिनं ठरवलं की दरीच्या उलट्या गाड्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. थकलो तर अर्ध्यातून वळू म्हणतात. वळा की. थकलेल्या पायांनी अर्धी दरी चढताना कळेल वळणं म्हणजे काय असतं ते. हे काही चांगल्या मनाचं लक्षण नव्हे. पण चांगल्या मनानं तिला आजवर काय दिलं होतं? गाडीपाशी बाक. तेव्हा ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यात तिला थोडी मजाही आली. जिने चढायचं मात्र तिनं सोडलं नाही. कशासाठी चढतोय हे तिला सांगता आलं नसतं. रागाच्या भरात पाय आणखी चांगले उचलले जात होते, इतकंच.

शनिवारी दुपारी सॅक भरल्या गेल्या. नवऱ्याच्या सॅकला बाहेरूनही सामान लटकलं होतं, शिट्टी, चंदेरी चादर, एक मग. आत पाणी, डबाबंद मासे, दुर्बीण, पावसाचा कोट, आणि भावोजींचं अर्धं दुकान. तो सगळा जामानिमा चढवून नवरा दिवाणखान्यात उभा राहिला आणि भावोजी त्याचे व्हिडिओ काढू लागले. ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे होते.

"चाल की थोडं, दादा," भावोजी म्हणाले. "नुसता उभा आहेस तर कपाटासारखा दिसतोयस."

नवरा खिडकीपर्यंत चालला आणि परत आला.

बायको सोफ्यावर उसवण काढत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "जिन्यानं खाली जाऊन या ना. सॅक तशीच ठेवा पाठीवर. खाली जायचं आणि न थांबता वर यायचं. दरीत तरी दुसरं काय करायचंय?"

गप्प राहायचं ठरवलं होतं, पण तोंडाची खाज जाते कुठं. शिवाय तिचं मनही तिला डाचत होतं. उद्या हा माणूस खरोखरच अर्ध्या दरीत बसला तर त्याला उचलून कोण आणणार, भावोजी?

"पाच मजले?" नवरा हसला. "पाच मजल्यांनी आपलं काय होतंय."

तो निघाला. काठ्या आपटत, जिना दणाणत, शीळ घालत तो उतरला. भावोजी व्हिडिओ काढत मागोमाग गेले. खालून फोन आला, "पोचलो. काही नाही गं, मजा आहे नुसती." दरीत उतरताना सगळ्यांना अशीच मजा वाटते. मग दणदण पुन्हा सुरू झाली, पहिला मजला, दुसरा मजला. मग दणदण मंदावली. मग बंद पडली. बायकोनं उसवण खाली ठेवली आणि कान दिला. शीळ तर केव्हाच थांबली होती. थोड्या वेळानं एक दार उघडल्याचा आवाज आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, बरं वाटत नाहीये का? पंखा लावू? आत येऊन बसा."

ती पाण्याची बाटली घेऊन खाली गेली. नवरा पायरीवर बसला होता. सॅक भिंतीला टेकली होती आणि तो सॅकला अडकला होता, पट्टे सोडवण्याइतकंही त्राण नव्हतं. टोपीचं फडकं घामानं गालाला चिकटलं होतं. नळीतून पाणी ओढायलाही दम लागतो हे त्याला नुकतंच कळलं असावं. भावोजी दोन पायऱ्या खाली उभे होते आणि फोन कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहून, वर्गात करत असतील तशी, सगळ्यांच्या तोंडाकडं पाळीपाळीनं बघत होत्या.

बायकोनं आधी त्याची नाडी पाहिली, मग पट्टे सोडवले. तो पाणी प्यायला. तोंडाचा रंग परत आला. मुख्याध्यापिकाबाईंनी काळजीचं काही नाही अशी खात्री करून घेऊन दार लोटलं, पूर्ण नाही. आता तो काय म्हणेल याची बायको वाट बघत होती. खरं सांगायचं तर तिला कीव येत होती, आणि एक शब्द सरळ आला असता तर तिनं आठवडाभराचा राग तिथंच त्या पायरीवर सोडून दिला असता.

"आपल्याला नाही जमणार गं हे," नवरा म्हणाला. "आपली वयं राहिली का आता? दरी काय पळून चाललीय? पुढच्या वर्षी बघू आपण, जरा तयारी करून."

तिनं नीट ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. जायचं होतं तोवर आम्ही. दम निघाल्याबरोबर आपण. नदीत पाय बुडवायला भाऊ, आणि हात टेकायला बायको, त्यात मात्र अर्धा वाटा तिचा. एवढी वर्षं ती ज्या शब्दासाठी आसुसली होती, तो त्यानं दिला तो असा.

"आपल्याला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही जमणार. मला जमेल. मी उद्या जातेय."

"कुठं?"

"दरीत. नदीपर्यंत."

"एकटी? आणि गुडघा?"

"गुडघा रोज संध्याकाळी तळघरातून गच्चीपर्यंत जातो. दोन महिने झाले. तुम्ही बागेत कॉफी पीत होतात तेव्हापासून."

दाराच्या फटीतून मुख्याध्यापिकाबाईंचा चष्मा चमकला.

"वहिनी, मी आलो असतो सोबत," भावोजी घाईघाईनं म्हणाले, "पण नेमका उद्याच दुकानात माल येतोय."

रविवारी कुठला माल येतो, हे तिनं विचारलं नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्ही चला," ती म्हणाली. तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं की ती असं म्हणेल. "खाली नका येऊ. पहिल्या वळणापर्यंत या, नाहीतर वर थांबा. बाक आहेत, सावली आहे."

"म्हणजे मी काय सामान राखत बसू?" नवरा म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला कळलं नाही. ती सॅक उचलून वर निघून गेली.

रविवारी तांबडं फुटायच्या आत ती निघाली. पायांत तिचे जुनेच बूट होते, तळघराच्या जिन्यांनी मऊ केलेले. पिशवीत पाणी, ब्रेड, उकडलेली अंडी, थोडं मीठ, खजूर. गाडी बाहेर काढून तिनं आरसा नीट केला तोच लिफ्टचं दार वाजलं आणि सपाता फटफटवत नवरा आला. अंगावर शर्ट चढवलेला होता. केस विंचरलेले होते.

तिच्या छातीत धडधडलं. या वयात, या माणसासाठी, इतकं सगळं बघून झाल्यावरसुद्धा धडधडलं. शर्ट चढवून आलाय म्हणजे येतोय. नदी राहू दे, पहिलं वळण राहू दे, नुसता गाडीत शेजारी बसला तरी चालेल. रस्ताभर होकायंत्र बघून उत्तर कुठाय ते सांगत बसला तरी चालेल. तिनं हात लांबवून शेजारच्या बाजूचं दार आतून उघडलं.

तो त्या दाराशी गेलाच नाही. वळसा घालून तिच्या खिडकीपाशी आला आणि काचेवर टकटक केली. तिनं काच खाली केली.

"अगं, फोटो काढशील ना?" तो म्हणाला. "नदीचे, त्या मोठ्या भिंतींचे. सोमवारी ऑफिसात दाखवावे लागतील. सगळ्यांना सांगून बसलोय मी."

"काढीन."

"भरपूर काढ. आणि एक सांगायचं राहिलं." तो जरा वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तू मध्ये येऊ नकोस. नुसती दरी दिसू दे."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. या माणसावर हसायला तिला कधी कष्ट पडले नव्हते. त्याच हसण्यावर तिनं संसार रेटला होता. आत्ताही हसू यायला हवं होतं, ते काही आलं नाही. तिनं पलीकडं वाकून शेजारचं उघडं दार ओढून घेतलं.

"नाही येत मी मध्ये," ती म्हणाली, आणि काच वर करून तिनं गाडी रस्त्याला लावली.